ऊसतोड मजुरांमध्ये काम करणारी टीम सांभाळताना

नंदुरबार जिल्ह्यातून दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांमध्ये आमची संस्था काम करते. बरीच वर्षं मी तळोदा-अक्कलकुवा भागात कार्यकर्ती म्हणून फिरले, मग टीमची जबाबदारी माझ्याकडे आली. अशी जबाबदारी नव्यानं घेणाऱ्या काही जणींनी विचारलं की त्यात नेमकं करायचं काय असतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जबाबदारी घेण्याआधी मी संस्थेपुढे एक अट ठेवली. टीममधल्या प्रत्येकाला नेमणूकपत्र, भविष्य निर्वाह निधी आणि पेट्रोलचा खर्च महिन्याच्या महिन्याला मिळाला पाहिजे. मजुराला सांगायचं, "दादा, जे ठरेल ते लेखी घ्या," आणि सांगणाऱ्याकडे स्वतःच्या नोकरीचा कागद नाही, हे मला चालणार नव्हतं. चर्चा लांबली, पण अट मान्य झाली. टीमचं माझ्याशी नातं तिथूनच जुळलं.

आता कामाचं. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, दुखणं-खुपणं असतं, तेव्हा मुकादम, म्हणजे कारखान्यासाठी मजूर जमवणारा ठेकेदार, उचल देतो, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. हंगामभर पोटापुरती खावटी मिळते आणि खरा हिशोब शेवटी होतो. त्यातून उचल वजा, खावटी वजा, आणि उचलीवर दिडी. म्हणजे 20,000 घेतले असतील तर 30,000 फेडायचे.

टीमच्या पहिल्या बैठकीत मी हाच हिशोब फळ्यावर मांडायला लावला. गुजरात सरकारनं 2023 मध्ये ऊसतोडीचा किमान दर टनाला 238 वरून 476 रुपये केला. त्या दरानं 20,000 फेडायला 42 टन ऊस तोडावा लागतो. 30,000 फेडायला 63 टन. मधले 21 टन निव्वळ दिडीचे. एक कोयता दिवसाला साधारण टनभर तोडतो, म्हणजे दोन माणसांचे तीन आठवडे त्यातच गेले. फळ्यासमोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे आई-वडील तोडीला गेलेले होते. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "हे आपण पाड्यावर असंच मांडू. भाषण नको."

पण सगळ्यात अवघड गाठ वेगळीच होती. मुकादम बाहेरचा नसतो. तो त्याच पाड्यातला, त्याच भावकीतला. आमचा नवापूरकडचा एक तरुण कार्यकर्ता मला म्हणाला, "ताई, मुकादम माझा सख्खा मामा आहे. मी त्याच्यासमोर काय बोलणार?" त्याला दुसऱ्या गावात पाठवा, असं टीममध्ये काहींचं म्हणणं पडलं. मी त्याला तिथंच ठेवलं. म्हटलं, "मामाशी भांडू नकोस. कारखाना त्याला टनामागे काय देतो, कधी देतो आणि पळून गेलेल्या कोयत्याची उचल कुणाच्या अंगावर पडते, एवढंच विचार." मामानं स्वतःचे कागद काढून दाखवले. त्याचंही कमिशन हंगाम संपेपर्यंत अडकलेलं, बुडालेली उचल त्याच्याच डोक्यावर. त्यामुळे मुकादमाची दिडी माफ होत नाही. पण आपली मागणी मुकादमाशी थांबत नाही, ती कारखान्यापर्यंत गेली पाहिजे, हे टीमला माझ्या सांगण्यानं कळलं नसतं, ते त्या कागदांनी कळलं.

आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी 1979 चा कायदा झाला, त्यात ठेकेदारानं मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यावं, त्यात मजुरीचा दर आणि कपात लिहावी, असं होतं. मी फिरले त्या पडावांवर, म्हणजे तोडीच्या जागी मजुरांच्या झोपड्या पडतात तिथं, ते कुणाच्याच हातात दिसलं नाही. मग आम्ही साधी वही केली. गाडी भरली की उभी रेघ, खावटी घेतली की गोल, आजारपणाचा खाडा असेल तर फुली. एका बाईनं ती वही आधारकार्ड आणि बाळाच्या लसीच्या कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून झोपडीच्या कुडात खोचून ठेवली होती. लिहिता-वाचता येत नाही तिला. पण कोणत्या गाडीच्या दिवशी टोळीत किती कोयते होते, हे ती रेघेवर बोट ठेवून सांगायची. असा हिशोब बहुतेक बायकाच ठेवतात, म्हणून पडावावर आधी चुलीपाशी बसायचं, हे आम्ही ठरवूनच टाकलं. तेही संध्याकाळी, कारण तोड पहाटे अंधारातच सुरू होते.

साप्ताहिक बैठकीतून 'किती लोक हजर होते' हा रकाना मी काढला. देणगीदारांना लागणारे आकडे वेगळे भरतो. बैठकीत मी विचारते ते एवढंच: कुणाशी बोललीस, आणि त्या माणसानं स्वतः काय करायचं ठरवलं? सुरुवातीला या प्रश्नावर सगळे गप्प बसत. भिली, पावरी, मावची बोलणारी आमची मंडळी आपापल्या भागात भरभरून बोलतात आणि बैठकीत मराठीत अडखळतात, हेही तेव्हा लक्षात आलं. आता जो ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत बोलतो, शेजारचा मराठीत सांगतो.

रात्री येणाऱ्या फोनसाठी पाळी लावली. हिशोबावरून अडवून ठेवलं, पोर तापानं फणफणलंय, असे फोन येतात आणि ते नेहमी एकाच जिव्हाळ्याच्या कार्यकर्तीला येतात. तिची झोप वाचवणं हे टीमप्रमुखाचं कामच आहे, असं मी मानते.

शहाद्यात 1972 मध्ये आदिवासी शेतमजुरांची आणि सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाकडे राबणाऱ्या गड्यांची, श्रमिक संघटना उभी राहिली. त्या काळातली म्हातारी माणसं अजून पाड्यांवर भेटतात. त्यांना बैठकीला बोलवा, हे मी प्रत्येकाला सांगेन. "आम्ही सालदारकीचं बोललो तेव्हाही मालक हेच म्हणायचे," असं एक आजोबा म्हणाले आणि दिडीविरुद्ध बोलायला कचरणारी पोरं सरसावून बसली.

यंदा होळीला माणसं परतली तेव्हा तीन टोळ्यांनी वह्या घेऊन मुकादमांसमोर हिशोब केला. बायका पुढे बसल्या होत्या. दोन टोळ्यांत दिडी निम्म्यावर आली. तिसऱ्या टोळीत मुकादमानं एक रुपयाही सोडला नाही. त्यातल्या काही कुटुंबांना अर्ज करायचा होता, काहींना नव्हता. ज्यांना करायचा होता, त्यांचेच अर्ज आम्ही गुजरातीत लिहून घेऊन कामगार कार्यालयात दिले. निकाल अजून लागायचा आहे.

वाटणीचा गुंता मात्र तसाच आहे. गाडीचं वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, आणि ते टोळीतल्या कोयत्यांत वाटलं जातं. वहीत गाड्या मोजता येतात, टन नाही. म्हणून या पावसाळ्यात उचल घेण्याआधी पाड्यापाड्यांवर बैठका चालू आहेत. आतापर्यंत त्यांतून पुढे आलेली मागणी अशी: प्रत्येक गाडीची काटा-पावती त्याच दिवशी पडावावर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची आणि फोटो टोळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. मामा मुकादम त्याला तयार आहे. बाकीच्यांशी बोलणी चालू आहेत.