गळतीची वकिली: कॅलिफोर्निया ते मुलुंड

वकील असूनही माझा बराचसा वेळ कोर्टापेक्षा फोडलेल्या भिंतींसमोर जातो. दक्षिण कॅलिफोर्नियात मी बांधकामाचे दावे चालवते. त्यातले काही पैशांचे असतात: काम रखडलं, जादा कामाचं बिल थकलं, कंत्राटदार अर्ध्यावर सोडून गेला. माझ्याकडे मुख्यतः दुसरे येतात. इमारत उभी राहिली, लोक राहायला आले आणि काही वर्षांत ती गळायला लागली. आपल्या हाउसिंग सोसायट्यांसारख्या तिथे घरमालकांच्या असोसिएशन असतात. माझे अशील बहुधा त्याच.

अशा दाव्यात पहिला प्रश्न कायद्याचा नसतोच. पाणी आत शिरतंय कुठून? ते खिडकीच्या चौकटीपाशी शिरतं, भिंतीच्या आतून उतरतं आणि भलत्याच खोलीत डाग पाडतं. म्हणून दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ एकाच वेळी साइटवर येतात. खिडकीभोवतीचं प्लास्टर कापतात, मग जाळी, मग तिच्यामागचा जलरोधक कागद, आणि प्रत्येक थराचे फोटो काढतात. वरच्या कागदाची कड खालच्या कागदावर यायला हवी. ती त्याच्या आत खोचलेली दिसली की कारण सापडलं.

मग बिल्डर प्लास्टरवाल्यावर, खिडकीवाल्यावर, छतवाल्यावर दावे लावतो. प्रत्येकाचा वकील वेगळा, विमा कंपनी वेगळी. बहुतेक दावे निकालापर्यंत न जाता मध्यस्थीत मिटतात, पण तडजोडीचा आकडा ठरतो तो त्या फोटोंवर आणि साइटवरच्या रोजच्या नोंदींवर. नवखी असताना मी अशा नोंदींची खोकीच्या खोकी वाचली. पाऊस पडत असतानाही छताचं काम चालू होतं, असल्या गोष्टी तिथेच सापडतात. हे काम मी खरं शिकले ते त्या खोक्यांतून.

यात माणसांचे जीव अडकलेले असतात, हे मात्र विसरता येत नाही. १६ जून २०१५ ला कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात एका इमारतीची बाल्कनी कोसळली आणि ६ तरुण मुलं गेली. इमारत जुनीपुराणी नव्हती. बाल्कनीच्या लाकडी तुळया आत शिरलेल्या पाण्याने कुजल्या होत्या. त्यानंतर राज्याने अशा बाल्कन्यांची तपासणी सक्तीची केली, भाड्याच्या इमारतींसाठी दर ६ वर्षांनी आणि मालकीच्या संकुलांसाठी दर ९ वर्षांनी. ओलीचा डाग दिसला की तेव्हापासून मला तो रंगाचा प्रश्न वाटत नाही.

मुंबईचे बरेच विद्यार्थी विचारतात, या कामात यायचं कसं? दुसऱ्या देशातली वकिलीची सनद असेल तर कॅलिफोर्नियाच्या बार परीक्षेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला, नवी पदवी न घेताही बसता येतं. परीक्षा अवघड आहे, तयारीला पूर्ण वेळ द्यावा लागतो. सिव्हिल इंजिनिअरिंग करून कायद्याकडे वळलेल्यांना मी आवर्जून सांगेन, की नकाशा वाचता येणारा वकील या क्षेत्रात फार मोलाचा असतो. आणि त्यासाठी परदेशीच जायला हवं असंही नाही. मुंबईत जितकं बांधकाम चाललंय, तितकी या कामाची इथेही गरज आहे.

या पावसाळ्यात मुंबईत आले तेव्हा ही गरज पुन्हा दिसली. काकांनी लालबागची खोली विकून मुलुंडला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. बेडरूमच्या भिंतीला दर जुलैत पोपडे येतात. दर मे महिन्यात बिल्डरचा माणूस येऊन वॉटरप्रूफिंगचा एक हात मारून जातो. लेखी कळवलंत का, असं विचारलं तर काका म्हणाले, "अगं, बिल्डर चांगला आहे. फोन केला की लगेच माणूस पाठवतो. नोटीस कशाला द्यायची? संबंध बिघडतात."

काकांचा चांगुलपणा मला कळतो. पण त्या फोनांमध्ये मुदत संपत चालली आहे. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याच्या कलम १४(३) नुसार पझेशनपासून ५ वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला बांधकामाचा दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, नाहीतर भरपाई मागता येते. कॅलिफोर्नियात २००३ पासून विकलेल्या नव्या घरांसाठी तर दाव्याआधी बिल्डरला लेखी नोटीस देणं बंधनकारकच आहे. त्याने १४ दिवसांत पोच द्यायची, पाहणी करायची आणि दुरुस्तीची संधी घ्यायची. तिथे त्या पत्राला कोणी भांडण मानत नाही.  

त्या रविवारी सोसायटीच्या कमिटीची मीटिंग होती, काका मलाही घेऊन गेले. विचारपूस केली तर त्याच बाजूच्या आणखी फ्लॅटमध्येही तशीच ओल निघाली, आणि सगळ्यांचे डाग खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून सुरू झालेले. म्हणजे एकेका घरात हात मारून हे थांबणार नाही. कमिटीने ठराव केला: सगळ्यांनी तारखेसह फोटो द्यायचे, बाहेरचा स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमून खिडक्यांवर पाणी मारून चाचणी घ्यायची आणि त्याचा अहवाल येईपर्यंत नुसता रंग लावू द्यायचा नाही. पत्राचा मसुदा काकांनीच लिहिला, सौम्य भाषेत, पण प्रत्येक फ्लॅटचा नंबर आणि पझेशनची तारीख घालून. ते स्पीड पोस्टाने गेलंय. बिल्डरचं उत्तर आलं की कळवेन.