पुणे–हरिहरेश्वर–केळशी–गुहागर, 11 माणसं: दोन इनोव्हा की एक ट्रॅव्हलर?

"13 सीटर नाही, 17 सीटर पाठवतो, त्याच दरात. तुमचाच फायदा." निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडीमालकाकडून असा फोन आला, तर सरळ नाही म्हणा. किनाऱ्याच्या रस्त्यावर मोठी गाडी फुकट मिळाली तरी महागात पडते. ती कुठे पडते, ते पुढे आहे.

मार्ग असा: पुणे, ताम्हिणी, माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वी, मग केळशी, आडे, आंजर्ले, दापोली. दाभोळहून दुसऱ्या फेरीबोटीने धोपावे आणि गुहागर. परत चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, पुणे. चार दिवस, 11 मोठी माणसं, त्यांतली चार साठीच्या पुढची. आमची ठरली होती 13 सीटर, आली 17 सीटर.

फोर्स ट्रॅव्हलरच्या नावातला 3350, 3700 किंवा 4020 हा आकडा व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराचा आहे, मिलिमीटरमध्ये. बुकिंग करताना सीट विचारू नका, हा आकडा विचारा. इनोव्हा क्रिस्टाचा व्हीलबेस 2750, रुंदी 1830. फोर्सचीच अर्बेनिया व्हॅन घेणार असाल तर तिची रुंदी 2095, शिवाय दोन्ही बाजूंचे आरसे वेगळे. कागदावर हा फरक वीतभर दिसतो. केळशीत तो वीतभरच नडतो.

"एसटी जाते तिथं ट्रॅव्हलर जाते" हे वाक्य निम्मंच खरं आहे. एसटी थांब्यापर्यंत जाते. मुक्काम असतो आत वाडीत, आणि तिथपर्यंतची वाट दोन्हीकडच्या चिऱ्याच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून. सरळ वाटेत आरसे मिटून गाडी निघते. अडचण काटकोनी वळणावर. लांब व्हीलबेसच्या गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतल्या बाजूला कापतात. त्याच वेळी मागच्या चाकांच्या पलीकडे लटकलेलं शेपूट बाहेर फिरतं. म्हणजे आतलं टायर गडग्याच्या पायाला घासतं आणि बाहेरचा मागचा कोपरा समोरच्या गडग्याकडे सरकतो. ड्रायव्हरला आरशात या दोन्हींपैकी एकच दिसतं. 17 सीटर तिथे अडकली तेव्हा कोपरा आणि चिरा यांच्यात चार बोटं अंतर होतं, आणि मागे सुपारीच्या झावळ्या घेऊन आलेली बैलगाडी उभी. बाहेर निघायला पाऊण तास गेला, तोही गावातल्या दोघांनी मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या, बास" केलं म्हणून.

गाडी लांबच असेल तर हे करा: थांब्यावरच सगळे उतरा. एकाने आधी चालत जाऊन वाट बघून यावं, विशेषतः गाडी वळवायला आत जागा आहे का ते. नसेल तर गाडी थांब्यापाशीच ठेवा आणि सामानासाठी घरमालकाला रिक्षा पाठवायला सांगा. "आमच्याकडे गाडी येते" असं मालक म्हणाले तर विचारा, कुठली गाडी. त्यांच्या डोळ्यांसमोर स्विफ्ट असते.

केळशी ते आंजर्ले हा आडेमार्गेचा तुकडा या सगळ्या फेरीतला सर्वांत वाईट. एकेरी रुंदीचं डांबर, कडेला साईडपट्टी खचलेली, चढावर आंधळी वळणं. समोरून गाडी आली की कुणीतरी मागे जायचं, आणि ट्रॅव्हलर मागे घेणं म्हणजे पुन्हा सगळ्यांनी उतरायचं. इनोव्हा इथे एक चाक साईडपट्टीवर उतरवून निघून जाते. अंधार पडल्यावर ट्रॅव्हलर या रस्त्याला घालू नका. मॅप जवळची वाट दाखवेल. ती सोडून मोठ्या रस्त्याने दापोलीला जा. किलोमीटर वाढतील, वाढू देत.

फेरीबोटीचंही तसंच. ओहोटीला बोटीचा रॅम्प आणि धक्का यांच्यात कोन तयार होतो. लांब गाडीचं मागचं बंपर आणि स्टेपनीचा पिंजरा तिथे घासतो. माणसं उतरवून, रॅम्पवर किंचित तिरकी घेऊन, पहिल्या गिअरमध्ये न थांबता चढवायची. मध्येच क्लच दाबून थांबलं की मागे घरंगळते. काही वेळा रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात, ते ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. दाभोळची शेवटची बोट चुकली तर दापोली–खेड–चिपळूण–गुहागर असा शंभर किलोमीटरच्या वर वळसा आहे. दाभोळला अंधाराआधी पोचा.

आता बिल. खरा राग इथेच आहे. बाहेरगावी नेलेल्या गाडीला दिवसाला किमान 300 किलोमीटर लावतात. चार दिवसांचे 1200. प्रत्यक्षात ही सगळी फेरी, आतबाहेर धरून, 750 च्या आसपास होते. न धावलेल्या 450 किलोमीटरचे पैसे आपण देतो. ट्रॅव्हलरचा दर 26 रुपये धरला तर 11,700. दोन इनोव्हा प्रत्येकी 20 ने धरल्या तर 18,000. एकूण भाडं ट्रॅव्हलरचं 31,200, दोन इनोव्हांचं 48,000. ड्रायव्हरचा बाटा दोन गाड्यांना दुप्पट. दर तुमच्या गावचे घालून हाच हिशोब करा आणि किमान 300 मुकाट मान्य करू नका. "फिरणं कमी आहे, एकरकमी सांगा" असं म्हटलं की बरेच मालक खाली येतात. दिवस रात्री 12 ला बदलतो हेही लक्षात ठेवा. रात्री 10 ला निघालात तर दोन तासांसाठी एक दिवस जातो. किलोमीटर गॅरेज ते गॅरेज मोजतात, म्हणून निघताना आणि परतल्यावर मीटरचा फोटो घ्या. त्याशिवाय पैसे देऊ नका.

टोलमध्ये ट्रॅव्हलर सरस. राष्ट्रीय महामार्गाच्या 2008 च्या नियमांत कारचा मूळ दर किलोमीटरला 65 पैसे, मिनीबसचा 1 रुपया 5 पैसे. म्हणजे दोन कारपेक्षा एक मिनीबस स्वस्त. परतताना पाटणहून मल्हारपेठ–उंब्रज असे बाहेर पडलात की तासवडे नाका लागत नाही.

बसण्याचं साधं सांगतो. इनोव्हात ड्रायव्हर सोडून सहा. तिसरी रांग भरली की डिकीत चार छोट्या बॅगा, बस. स्कॉर्पिओ-एनमध्ये तेवढ्याही नाहीत. 11 माणसं दोन गाड्यांत बसतात, पण सामान कॅरिअरवर जातं. ताडपत्री आणि दोरी स्वतःची न्या. तिसऱ्या रांगेत गुडघे छातीशी येतात, साठीच्या माणसाला तिथे बसवू नका. ट्रॅव्हलरमध्ये शेवटची रांग मागच्या चाकांच्याही मागे असते, प्रत्येक खड्डा तिथे दुप्पट लागतो. पाठीचा त्रास किंवा गाडी लागणारे असतील त्यांना पुढच्या दोन रांगा द्या.

घाटात दोन्ही गाड्या ठीक. फक्त ताम्हिणी उतरताना ट्रॅव्हलर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवायला सांगा. ब्रेकचा जळका वास आला तर थांबून गार होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका.

गुहागरचे दोन दिवस निवांत गेले.

निर्णय: वाडीत मुक्काम आणि दोन्ही फेरीबोटी असतील तर दोन इनोव्हा, जास्तीचे 16,800 देऊनही. माणशी दीड हजाराच्या आसपास पडतात. मोठ्या रस्त्यावरची हॉटेलं असतील तर 3350 व्हीलबेसची 13 सीटर. 17 सीटर या किनाऱ्यावर नाहीच. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेऊ नका, अपघात झाला तर विम्याची कंपनी हात वर करते. आणि ठरल्याच दिवशी गाडीच्या आरसी बुकाचा फोटो मागवा, व्हीलबेस त्यावर छापलेला असतो. गाडी दारात आली की नंबर त्याच्याशी ताडून पाहा, मगच सामान चढवा.