उद्यमनगरच्या गोंगाटात टिकणारं नाव: आमच्या वेबसाइटचं बारसं

कोल्हापुरात फाउंड्र्या (धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने) आणि मशीन शॉप किती आहेत, हे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरात एक चक्कर मारली की समजतं. एकाकडे मशीन रिकामं उभं असतं आणि दोन गल्ल्या सोडून दुसरा त्याच कामासाठी पुण्याला फोन लावत असतो. या दोघांची गाठ घालून देणारी वेबसाइट मी आणि माझ्या मामेभावानं उभी केली. सॉफ्टवेअर तयार झालं, पण नाव काही ठरेना.

ज्याला विचारावं तो सांगायचा, ‘नावातच काम कळाय पायजे.’ मग कोल्हापूर कास्टिंग, ऑनलाइन जॉबवर्क असली नावं पुढं आली. आमच्या ट्रेडमार्कवाल्या, म्हणजे धंद्याच्या नावाची कायदेशीर नोंदणी करून देणाऱ्या, वकीलबाईंनी ती ऐकून घेतली आणि शांतपणे समजावलं. ट्रेडमार्क कायदा 1999 सालचा. त्याच्या कलम 9 प्रमाणे, जे नाव फक्त मालाचं वर्णन करतं किंवा गावाचा पत्ता सांगतं, त्याच्यावर हरकत निघते. ‘कास्टिंग’ हा शब्द गावातल्या प्रत्येक फाउंड्रीला लागतो, तो एकट्या आम्हाला कसा मिळणार? आणि ‘कोल्हापुरी’चं म्हणाल, तर चपलेचं 2019 मधलं भौगोलिक मानांकनसुद्धा एका दुकानाचं नाही, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांचं आहे. मला हे मनापासून पटलं. करवीर, पंचगंगा, महालक्ष्मी ही नावंही मी बाजूला ठेवली. रसवंतीपासून पतसंस्थेपर्यंत सगळ्यांच्या पाट्यांवर ती आहेत, मग शोधणाऱ्याला आम्ही सापडायचो कसे?

म्हणून शब्द स्वतः घडवायचा असं ठरलं. जॉर्ज ईस्टमननं 1888 मध्ये ‘कोडॅक’ असंच घडवलं होतं. त्याला आधी काहीच अर्थ नव्हता, म्हणून तर ते पूर्णपणे त्याचं झालं.

खरी परीक्षा मात्र फोनवर झाली. आमचं गिऱ्हाईक लेथ चालू ठेवून, एका खांद्यानं मोबाइल कानाशी दाबून बोलणारं. म्हणून मी उद्यमनगरात ओळखीच्या शॉपमध्ये उभा राहायचो, मशीन सुरू असतानाच मामेभावाला फोनवर नाव सांगायचो आणि तो तिकडं ऐकलं तसं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा. ‘ळ’ आणि ‘ण’ असलेली नावं तिथंच गळाली, कारण इंग्रजीत त्यांचे एल आणि एन होतात. ‘ठ’ टाइप केला की वाचणारा ‘थ’ वाचतो. दीर्घ ‘ई’साठी कुणी एक आय लिहितं, कुणी दोन ई. कागदावर झकास वाटलेलं नाव त्या खडखडाटात पार वेगळंच ऐकू यायचं. ‘लोहोबा’ मात्र पहिल्या फटक्यात बरोबर उमटलं. जोतिबा, खंडोबाच्या वळणाचं, जिभेला ओळखीचं, पण शब्दकोशात नसलेलं. शॉपमधले आबा मशीन बंद न करता म्हणाले, ‘हे ध्यानात ऱ्हातंय बघ.’

नाव बाहेर फोडायच्या आधी एकाच बैठकीत तीन ठिकाणी शोध घेतला: डोमेन (वेबसाइटचा पत्ता), कंपनी नोंदणी आणि ट्रेडमार्क. नव्या लोकांचा इथं फार गोंधळ होतो. डोमेन मिळालं किंवा प्रायव्हेट लिमिटेडचं नाव मंजूर झालं, म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असं होत नाही. तिन्ही नोंदी वेगळ्या. ट्रेडमार्कचा शोध सरकारी संकेतस्थळावर फुकट घेता येतो. तिथं उच्चारावरून शोधायची सोय आहे, ती जरूर वापरा. स्पेलिंग वेगळं असलं तरी ऐकायला सारखं नाव अडचणीत आणतं.

शोधात आडवं येणारं काही दिसलं नाही, तशी डोमेनं लगेच घेतली. देवनागरीतलं ‘.भारत’सुद्धा घेतलं, कारण आमच्याकडचे बरेच कामगार मोबाइलवर मराठीतच टाइप करतात. मग ट्रेडमार्कचा अर्ज केला. तो माल किंवा सेवेच्या ठरलेल्या वर्गात करावा लागतो. वर्ग 35 ऑनलाइन बाजारासाठी आणि 42 सॉफ्टवेअर सेवेसाठी. ऑनलाइन अर्जाची फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना एका वर्गाला 4,500 रुपये, इतरांना 9,000. लोगो पुढं बदलेल, म्हणून आधी नुसता शब्द नोंदवायला टाकला. वकीलबाईंचा हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो.

ट्रेडमार्क कार्यालयाचा हरकतींचा तपासणी अहवाल आला, तर उत्तराला 30 दिवस असतात. आमचं उत्तर वेळेत गेलं आणि नाव त्या कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आलं. तिथून चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो, ती मुदत सध्या चालू आहे. तोवर पाटीवर नावाशेजारी ‘टीएम’ लावलंय, म्हणजे नावावर आमचा दावा आहे एवढंच. वर्तुळातला ‘आर’ नोंदणी झाल्याशिवाय लावता येत नाही. पेंटरला ते आधीच बजावून ठेवलंय.