बिल्डिंग पिळतेय म्हणे! एका फाईलीचा माझा अनुभव

मी स्ट्रक्चरल इंजिनियर; बिल्डिंगचं डिझाइन तपासून घ्यायला फाईल सरकारी कार्यालयात द्यावी लागली. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, पण तिथल्या लाकडी बाकावर मी जूनपासून चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत बसलोय. कोणती फळी हलते तेही आता पाठ आहे.

पर्वरीच्या उतारावरची एल आकाराची बिल्डिंग. खाली स्टिल्ट पार्किंग (नुसत्या खांबांवरचा मोकळा तळमजला), वर आठ मजले, उंची २८ मीटर. मुंबईवाले हसतील, पण आमच्याकडे हा टॉवरच. ईटॅब्स या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल उभं केलं, लोड टाकले. आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडच्या २०१६च्या आवृत्तीत गोवा झोन तीनमध्ये, म्हणून झेड (भूकंपाच्या जोराचा आकडा) ०.१६ घेऊन रिस्पॉन्स स्पेक्ट्रम, म्हणजे भूकंपात बिल्डिंग कशी हलेल याचा हिशेब, रन केला. बिल्डिंग ज्या ज्या तऱ्हेने डोलू शकते त्यांना मोड म्हणतात; हिशेबात धरलेल्या मोडमध्ये भाग घेणारं वजन (मोडल मास) ९० टक्क्यांच्या वर गेलं, मी खूश. फाईल दिली.

बारा दिवसांनी परत आली. कव्हरवर पेन्सिलीने एक ओळ: ‘पहिला मोड टॉर्शनल. कॉन्फिगरेशन बदला.’ म्हणजे बिल्डिंग सरळ डोलण्याआधी पिळते, रचना बदला. का, कुठे, काही नाही. भेटायला गेलो तर फाईल तपासणारे साहेब साइटवर. पुन्हा गेलो, साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेब जेवायला गेलेले आणि बाहेर असा पाऊस की मीही हललो नाही.

या रागात मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. न विचारता कॉलम वाढवले. सगळीकडे, सरसकट. फाईल पुन्हा दिली आणि पुन्हा तीच पेन्सिल, तीच ओळ. महिना गेला.

शेवटी साहेब जिन्यात सापडले. उभ्या उभ्या म्हणाले, “अ‍ॅनिमेशन बघितलंस?” नव्हतं बघितलं. मी फक्त आकडे बघितले होते. राग आला, कारण हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. आणि जास्त राग आला, कारण माणूस बरोबर होता.

ऑफिसात येऊन पहिला मोड चालू केला. लिफ्टची काँक्रीटची पेटी एलच्या कोपरात आहे. ती जागची हलत नव्हती. बाकीचे दोन्ही पंख मात्र बिजागरीवर दार फिरावं तसे तिच्याभोवती फिरत होते. वजनाचा मध्य एकीकडे, ताठपणाचा मध्य दुसरीकडे. एका टोकाचं सरकणं दुसऱ्या टोकाच्या १.८ पट. १.५ च्या वर गेलं आणि टॉर्शनचा पिरियड (एका झोक्याला लागणारा वेळ) पहिल्या दोन सरळ, म्हणजे न पिळता डोलायच्या, मोडपेक्षा मोठा निघाला, तर कोड त्याला टॉर्शनल इरेग्युलॅरिटी म्हणतो. २ च्या वर गेलं तर रचना बदलण्यावाचून गत्यंतर नाही. सगळे कॉलम सारखे वाढवून हे सुटत नाही, कारण बिजागरी आहे तिथेच राहते. ताठपणा पंखांच्या टोकांना न्यावा लागतो.

टोकाला म्हणजे नेमकं कुठे? तर मास्टर बेडरूमच्या खिडकीत, जिथून मांडवी दिसते. आर्किटेक्ट बाई फोनवर बराच वेळ गप्पच होत्या. मग ठरलं: एका पंखात खिडकीच्या बाजूला दोन मीटरची शिअर वॉल (आडवा धक्का पेलणारी काँक्रीटची भिंत), दुसऱ्यात जिन्याच्या भिंतीलाच शिअर वॉल करायची.

पुन्हा रन केला तर पहिल्या मोडचा पिरियड ५ सेकंद! पोटात गोळा आला. अ‍ॅनिमेशन लावलं, तर अख्खी बिल्डिंग शांत आणि गच्चीवरच्या टाकीची एकच बीम गळाला लागलेल्या माशासारखी तडफडत होती. तिचं टोक कॉलमपासून २० मिलिमीटर लांब राहिलं होतं. ते जोडलं आणि चित्र पालटलं. आता पहिले दोन मोड सरळ, टॉर्शन तिसरा, ते १.८ चं १.३ झालं. त्या संध्याकाळी मी एकट्याने दोन प्लेट मिरची भजी खाल्ली.

हो, एक राहिलं, हे खरं तर सुरुवातीला सांगायला हवं होतं. बेस शिअर, म्हणजे भूकंपात पायाशी येणारं एकूण आडवं बळ, कोडच्या सूत्राने येतं तेवढं वाढवून घ्यायला (स्केल करायला) विसरू नका. तडे जातात म्हणून इनर्शिया (वाकण्याला होणारा विरोध) बीमला ०.३५ आणि कॉलमला ०.७ पटच धरला, चिऱ्यांच्या भिंती मॉडेलमध्ये नाहीत, त्यामुळे मॉडेल लवचिक दिसतं: माझा पिरियड १.३ सेकंद. कोडच्या ०.०९ एच भागिले वर्गमूळ डी (एच उंची, डी रुंदी) या सूत्राने, २५ मीटर रुंदीला, तो जेमतेम ०.५ येतो. पिरियड मोठा दिसला की हिशेबात बळ कमी येतं, त्यामुळे स्केल न करता दिलं असतं तर बिल्डिंग जवळपास निम्म्याच बळाला डिझाइन झाली असती. आणि एलच्या कोपरात डायफ्रॅम (प्रत्येक मजल्याचा स्लॅब) रिजिड, म्हणजे अजिबात न वाकणारा, धरू नका, सेमी-रिजिड ठेवा. रिपोर्टमध्ये प्रत्येक मोडचं चित्र लावा. साहेब जिन्यात सापडायची वाट बघावी लागणार नाही.

बिल्डरचं म्हणणं वेगळंच. “बाब, गोंयात भूकंप खंय?” मी त्याला कोयना सांगितलं, १९६७चं, पणजीहून साधारण दोनशे किलोमीटरच. मग २००१चं भूज सांगितलं: केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत, खाली पार्किंग मोकळं ठेवलेल्या कितीतरी इमारती बसल्या. त्याने मान हलवली.

फाईल चवथीनंतर तिसऱ्या दिवशी पास झाली. पण शिअर वॉल वरच संपवता येत नाही, ती थेट पायापर्यंत न्यावी लागते, म्हणून स्टिल्टमधली दोन गाड्यांची जागा गेली. त्या दोन पार्किंगचा हिशेब बिल्डर अजून माझ्याकडे मागतो.