शंभरपैकी ब्याण्णव

ज्या पोरांना मी शंभरपैकी 92 मार्क दिले, त्यांनी पाठवलेला निरोप चारशे मीटर चुकला होता. ज्याने तो अचूक आणि वेळेत पोचवला, त्याच्या तुकडीला माझ्या कागदाप्रमाणे 31 च्या वर देता येत नव्हते. आणि तिसऱ्या तुकडीचं काय करायचं हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

2014 चा जुलै. मी फौजेच्या सिग्नल कोरमध्ये, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या विभागात, सुभेदार होतो, चोवीस वर्षं झाली होती नोकरीला, आणि पोस्टिंग गोव्यात, रंगरूट घडवणाऱ्या एका सेंटरवर. सेंटरचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण चूक सेंटरची नव्हती, माझी होती. लोकांना गोवा म्हटलं की बीच आठवतो. आम्हाला आठवतो तो सडा, म्हणजे कातळाचं उघडं माळरान. वर जांभा, त्यावर पावसाळ्यात हातभर गवत आणि त्याखाली शेवाळ. बुटाला जाड सोल असूनही माणूस असा घसरतो की त्याला स्वतःलाच हसू येतं. पहाटे पीटीला मैदानात उतरायचं ते ओल्या बनियनवर, कारण आदल्या दिवशीचं काही वाळलेलंच नसायचं.

आमचे कॅप्टनसाहेब नाशिककडचे, वय फार तर सत्तावीस. परेडवर हिंदी-इंग्रजी, पण माझ्याशी एकटे असले की मराठी. मी त्यांना ‘सर’, ते मला ‘साहेब’. ती पद्धतच आहे. नुकतेच कुठलासा कोर्स करून आले होते. त्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, “साहेब, आज पोरांना फक्त मकसद द्यायचा. तरीका त्यांचा त्यांना शोधू दे.”

फौजेत न गेलेल्यांसाठी सांगतो. आमच्याकडे तोंडी हुकूम द्यायची ठरलेली रचना असते: खबर, मकसद, तरीका, मग राशन-पाण्याचा बंदोबस्त, शेवटी कमान आणि सिग्नल. यातला मकसद दोनदा बोलायचा. बाकी सगळं एकदा, मकसद मात्र दोनदा, म्हणजे गोळीबारात बाकीचं डोक्यातून गेलं तरी तेवढं राहावं. शेवटी विचारायचं, “कोई शक?” आणि समोरच्यांनी ओरडायचं, “नहीं साब!” शक सगळ्यांना असतो. विचारत कोणी नाही.

साहेबांनी मोल्टके या प्रशियाच्या जुन्या सेनापतीचं नाव काढलं. 1806 मध्ये येनाला नेपोलियनने प्रशियाचा धुव्वा उडवला, त्यानंतर तिथली फौज कशी बदलत गेली, आणि पुढे मोल्टकेने हाताखालच्या अधिकाऱ्याला काय साधायचं तेवढंच सांगायची रीत कशी रुजवली, वगैरे. मी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, “आपल्याकडे हे नवीन आहे का? 13 जुलै 1660. तोफांचे आवाज होईपर्यंत खिंड धरायची. कशी धरायची ते बाजीप्रभूंना कोणी कागदावर लिहून दिलं होतं?”

आता मी शाहूवाडीचा. पावनखिंड आमच्याच तालुक्यातली. मला तिथलं सांगायला नाशिकचा माणूस! मी म्हणालो, “सर, ते मावळे डोळे मिटून तलवार चालवत होते. आपल्या पोरांना अजून केबलचा जोड नीट जमत नाही. तरीका हातात मुरल्याशिवाय मकसद देऊन काय करायचं?”

“बघू तरी,” म्हणाले.

दुपारी दोनला सहा-सहा पोरांच्या तीन तुकड्या उभ्या केल्या. मकसद दोनदा सांगितला: या तंबूतून सड्याच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या हवालदारापर्यंत, सोलह सौ तीसच्या, म्हणजे साडेचारच्या आत, हा निरोप पोचवायचा. निरोपात सहा आकडी ग्रिड, म्हणजे नकाशावरच्या जागेचे आकडे होते, 479 612. सामान सारखंच: फील्ड टेलिफोन, केबलचे ड्रम, पक्कड, इन्सुलेशन टेप. “कोई शक?” “नहीं साब!”

आणि मी माझा मार्कांचा कागद काढला. चार वर्षांपूर्वी मीच बनवलेला, सगळ्या कंपन्यांत चालायचा, त्याचा मला अभिमान होता. केबलला ढील ठेवली का, जोड कसा मारला, रस्ता ओलांडताना केबल वरून नेली की पुरली, चिठ्ठ्या बांधल्या का, प्रत्येक ड्रमनंतर टेस्ट कॉल केला का. अशा बारा ओळी. शेवटची ओळ, ‘निरोप पोचला’, तिला दहा मार्क. दहाच का, हा प्रश्न मला चार वर्षांत पडला नव्हता.

पहिली तुकडी बघून माझी छाती फुगली. जोड असे की फोटो काढून वर्गात लावावेत. वेळेच्या वीस मिनिटं आधी लाइन लागली, पलीकडे बेल खणखणली. पण एक जोड डबक्यात गेला होता आणि टेपखाली पाणी शिरलं होतं. फील्ड टेलिफोनची बेल हाताने फिरवायच्या जनरेटरवर वाजते, तिला जोर असतो. बोलणं मात्र आतल्या दोन सेलवर चालतं. त्यामुळे गळक्या लाइनवरही बेल झकास वाजते आणि आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येतो. पोराने घाईत ‘फोर सेव्हन नाइन’ म्हटलं. ‘नाइनर’ म्हणायचं असतं, ते याचसाठी. खराब लाइनवर नाइन आणि फाइव्ह कानाला सारखेच लागतात. पलीकडच्याने 475 लिहिलं. लिहिलेलं परत वाचून दाखवायला पोराने त्याला सांगितलं नाही, कारण माझ्या कागदात त्याला मार्क नव्हते आणि पोरांना तो कागद पाठ होता. सहा आकडी ग्रिडमधला तिसरा आकडा चारने घटला की जागा चारशे मीटर पश्चिमेला सरकते. तोफखान्याला दिला असता तर गोळे कुठे पडले असते, याचा विचार रात्री केला.

दुसऱ्या तुकडीचा रस्ता सड्यावरच्या मातीच्या वाटेने अडवला. तिथून चिऱ्यांचे टिपर जायचे. केबल पुरायची तर जांभा खोदायला पहार हवी, वरून न्यायची तर झाड नाही. ठेवली तशीच, दगड लावून. पहिल्याच टिपरने तोडली. जोडली, पुन्हा तोडली. सोळा वाजले. तेव्हा त्यांच्यातला सर्वात किडकिडीत पोरगा, सांगली भागातला, काही न बोलता निरोपाचा कागद घेऊन पळत सुटला. नाल्यात पडला, गुडघा फुटला, पण चार वाजून सव्वीस मिनिटांनी हवालदारासमोर उभा. कागद पावाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, एक अक्षर ओलं नाही. पिशवी कुठून आणली? सकाळी पोदेरकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पाव घेतले होते त्याची, खिशात घडी करून ठेवलेली. तीन वर्षं मी ‘मेसेज सुका ठेवा’ शिकवत होतो, प्लास्टिकची पिशवी मला सुचली नव्हती.

तिसरी तुकडी दोन वाजून बावीस मिनिटांनी मोकळी! हवालदाराचा मला वायरलेसवर निरोप: “साब, तीन नंबर का मेसेज मिल गया।” मला वाटलं सेट बिघडला. जाऊन बघतो तर वाटेकडेच्या गाड्यावर सगळे सहा जण मिरची भजी खातायत. रंगरूटांचे मोबाइल आमच्याकडे जमा असतात. यांनी गाड्यावरच्या बायचा मोबाइल मागितला होता. हवालदाराचा नंबर ड्यूटी बोर्डावर खडूने लिहिलेला असायचा, एकाला पाठ होता. बाय माझ्याकडे बघून म्हणाली, “कितें जालें?” तिला काय सांगणार! पोरांनी भज्यांचे पैसे दिले होते, एवढं मात्र खरं.

मी तोंड सोडलं. शत्रू ऐकतोय, त्याच्या कानात जाऊन ग्रिड सांगितलंत, वगैरे. त्यातल्या एकाने सावधानमध्ये उभं राहून सांगितलं, “साब, ऑर्डर में मना नहीं था।” नव्हतंच मना. उद्धटपणे म्हणाला असता तर बरं झालं असतं, शिक्षा करता आली असती.

संध्याकाळी तंबूत तिन्ही कागद समोर ठेवून बसलो. बाहेर धो-धो. 92, 31 आणि तिसरा कोरा. साहेबांना वाटलं होतं मी म्हणेन, बघा, सांगितलं होतं. मी गप्प. तेच म्हणाले, “साहेब, तिसऱ्या तुकडीची चूक माझी. मी मकसद अर्धाच सांगितला. काय पोचवायचं ते सांगितलं, कोणाला कळता कामा नये ते राहिलं.”

मग मला बोलावंच लागलं. “आणि पहिल्या तुकडीची माझी, सर. मी त्यांना जोड मारायला शिकवलं. कशासाठी, ते दहा मार्कांत गुंडाळलं.”

त्या सांगलीच्या पोराच्या तुकडीचं काय करायचं यावर मात्र आमचं जमलं नाही. साहेब म्हणत होते, पूर्ण मार्क द्या. निरोप्या पाठवणं हीसुद्धा सिग्नलची जुनी रीत आहे. मी म्हणत होतो, टिपरच्या वाटेवर केबल उघडी टाकणाऱ्याला पूर्ण मार्क दिले तर उद्या सगळेच टाकतील. शेवटी मी 60 दिले, साहेबांनी सही केली आणि त्या पोराला स्वतः एमआय रूमला, म्हणजे आमच्या दवाखान्यात घेऊन गेले. तीन टाके पडले.

तो बारा ओळींचा कागद मी फाडला नाही. फौजेत कागद फाडत नाहीत. पण त्यात ‘निरोप जसाच्या तसा पोचला’ ही ओळ सगळ्यात वर नेली, पन्नास मार्कांची केली, आणि परत वाचून घेण्याला वेगळे दहा काढले. जोडाचे मार्क कमी केले नाहीत. त्यासाठी रस्ता ओलांडण्याचे आणि चिठ्ठ्यांचे कापले. यावर दुसऱ्या कंपनीचा एक सुभेदार माझ्याशी महिनाभर नीट बोलला नाही.

पुढची बॅच ऑगस्टमध्ये त्याच सड्यावर. मकसद या वेळी मी लिहिला, आठ वेळा खोडून. कोणाला, कितीच्या आत, चुकीशिवाय, आणि कंपनीबाहेरच्या कोणाच्याही कानावर न जाता. दोनदा म्हटला. “कोई शक?”

मागच्या रांगेतून एक हात वर आला. माझ्या नोकरीत असा हात मी पाहिला नव्हता.

“साब, लाइन टूट जाए तो कितनी देर बाद दौड़ना है?”

वीस मिनिटं, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. बाजूला रेनकोटमध्ये उभे असलेले साहेब माझ्याकडे बघत नव्हते, फार प्रयत्नाने बघत नव्हते. मी विचारलं, “पोहोचना कब तक है?”

“सोलह सौ तीस, साब।”

“तुझे यहाँ से वहाँ दौड़ने में कितना लगता है?”

त्याने सड्याकडे बघितलं, ओठ हलवत हिशेब केला आणि हात खाली घेतला.