सात जणांची गाडी: सफारी, एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ-एन की हायक्रॉस?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदा सविस्तर उत्तर लिहायलाच हवं. घरात आजी-आजोबा धरून सहा-सात माणसं, हातात वीस ते तीस लाख, आणि यादीत चार नावं: टाटा सफारी, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० (नाव आता ७एक्सओ झालंय, सांगाडा तोच), महिंद्रा स्कॉर्पिओ-एन आणि टोयोटा इनोव्हा हायक्रॉस. हायक्रॉस खरं तर एसयूव्ही नव्हे, पण मोठ्या कुटुंबाची यादी तिच्याशिवाय पुरी होत नाही. पहिल्या तिन्ही गाड्या पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात बनतात, चौथी बंगळुरूजवळच्या बिडदीला.

इंजिन, स्क्रीन, सनरूफ हे सगळं नंतर बघा. आधी घरी बसून एवढंच ठरवा: तिसऱ्या रांगेत कोण बसणार आणि महिन्यातून किती वेळा? दिवाळीत आणि गणपतीत मिळून वर्षातून चार वेळा मुलं मागे बसणार असतील तर चारही गाड्या चालतील. दर पंधरा दिवसांनी मोठी माणसं मागे बसून पुणे-कोल्हापूर करणार असतील तर यादी तिथेच अर्धी होते.

शोरूममध्ये तिसरी रांग दाखवताना मधली सीट पुढे सरकवलेली असते. त्यामुळे क्रम उलटा लावा. जो गाडी चालवणार त्याने आधी आपली सीट आपल्या सोयीने लावावी. मग घरातल्या सगळ्यांत उंच माणसाने मधल्या रांगेत बसून गुडघ्यापुढे चार बोटं जागा राहील इतपत सीट मागे घ्यावी. आता तिसऱ्या रांगेत जाऊन बसा, आणि दोन नव्हे, वीस मिनिटं बसा. बघायचं ते असं: पावलं मधल्या सीटखाली शिरतात का, मांडीला गादीचा आधार मिळतो का, की गुडघे छातीकडे येतात. जमीन उंच आणि गादी बुटकी असली की मांडी अधांतरी राहते, सगळा भार माकडहाडावर येतो आणि तासाभरात कंबर बोलायला लागते. पाय पसरायची जागा मोजून ही अडचण कळत नाही, ती बसूनच कळते.

इथे हायक्रॉस स्पष्टपणे पुढे आहे. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २८५० मिमी, बाकी तिघींचं साधारण २७४० ते २७५०. हे दहा सेंटिमीटर मागच्या माणसाच्या पायांना कामी येतात. शिवाय सातही सीटा भरलेल्या असताना मागे ३०० लिटरची डिकी उरते. सफारी आणि एक्सयूव्ही ७०० मध्ये तेव्हा काय मावतं ते लिटरच्या आकड्यावरून ठरवू नका. ५५ सेंटिमीटरची केबिन बॅग घरून घेऊन जा आणि दार लागतं का बघा. स्कॉर्पिओ-एनची तिसरी रांग एकसंध बाक आहे, अर्धी दुमडता येत नाही, आणि ती उघडी असताना सामानाला जागा जवळजवळ नसते. तिसऱ्या रांगेला स्वतंत्र एसीचे झरोकेही नाहीत. खराब रस्ता आणि चिखल रोजचाच असेल तर शिडीच्या चेसिसची (शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर वेगळी बॉडी बसवलेली) ही गाडी माझ्या मते उत्तमच, पण तिला पाच जणांची गाडी समजून घ्या.

आजीला मागे जायचं असेल तर आजीलाच शोरूमला न्या. मधली डावी सीट किती ताकद लावून उलटते, पाय ठेवायची पायरी किती उंच आहे, धरायला हँडल आहे का, हे तिच्या हालचालीवरून दोन मिनिटांत कळतं. लहान मुलाची सीट लावणार असाल तर आणखी एक गोष्ट. आयसोफिक्सचे, म्हणजे मुलाची सीट गाडीला पक्की अडकवायचे, हुक मधल्या रांगेच्या दोन्ही टोकांना असतात. सीट डावीकडे लावली की तिसऱ्या रांगेचा रस्ता बंद, कारण मुलाच्या सीटसकट ती उलटत नाही. मुलाची सीट ड्रायव्हरच्या मागे लावा आणि तशी लावूनच जागा तपासा. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असलेली सहा सीटांची गाडी घेतलीत तर मधून जायला वाट मिळते, पण एक माणूस कमी बसतो. ज्यांच्याकडे आजी-आजोबा नेहमी बरोबर असतात त्यांना मी सहा सीटांचीच गाडी सुचवतो.

मग पार्किंग. सफारीची रुंदी १९२२ मिमी, स्कॉर्पिओ-एनची १९१७, एक्सयूव्ही ७०० ची १८९०, हायक्रॉसची साधारण १८५०. आरसे धरलेले नाहीत. सोसायटीतली तुमची जागा अडीच मीटर रुंद असेल तर सफारी बरोबर मधोमध उभी केल्यावर दोन्ही बाजूंना जेमतेम २९ सेंटिमीटर उरतात. जाड माणसाला तेवढ्यातून बाहेर पडता येत नाही. गाडी डावीकडे खांबाला चिकटवून लावायची आणि बाकीच्यांना आधीच उतरवायचं, हा रोजचा नेम होणार. तो मान्य असेल तर हरकत नाही, पण पैसे भरण्याआधी जागेवर खडूने चौकोन आखून बघा. यांत्रिक पार्किंग असेल तर त्यावरच्या पाटीवर रुंदी, उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. स्कॉर्पिओ-एनची उंची १८५७ मिमी आहे, आणि कमी उंचीच्या पार्किंगमध्ये तीच अडकते.

सुरक्षेच्या ताऱ्यांबद्दल फार गोंधळ आहे. एक्सयूव्ही ७०० ला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये (गाडी आदळवून सुरक्षितता तपासणारी आंतरराष्ट्रीय चाचणी) मोठ्यांसाठी १७ पैकी १६.०३ गुण मिळाले. स्कॉर्पिओ-एनला २०२२ च्या डिसेंबरात ३४ पैकी २९.२५. सफारीला २०२३ च्या डिसेंबरात भारत एनकॅपमध्ये (तशीच आपली सरकारी चाचणी) ३२ पैकी ३०.०८. तिन्हींपुढे पाच तारे आहेत, पण परीक्षा तीन वेगवेगळ्या. २०२२ च्या मध्यात ग्लोबल एनकॅपचे नियम कडक झाले, त्यामुळे १६.०३ ची टक्केवारी काढून ती २९.२५ शी लावण्यात अर्थ नाही. कुटुंबासाठी मुलांचे तारे वेगळे बघा: सफारी पाच, एक्सयूव्ही ७०० चार, स्कॉर्पिओ-एन तीन. हायक्रॉसलाही २०२५ मध्ये भारत एनकॅपचे पाच तारे मिळाले. आणि हे लक्षात ठेवाच की या चाचण्यांत तिसऱ्या रांगेत कुणी बसवलेलं नसतं. म्हणून मागच्या सीटची पाठ आणि डिकीचं दार यांत किती अंतर उरतं, डोक्याचा आधार कानापर्यंत वर येतो का, आणि पडद्यासारखी एअरबॅग तिसऱ्या खिडकीपर्यंत पोचते का, हे स्वतः तपासा.

इंधनाचा हिशेब महिन्याच्या किलोमीटरवर करा. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९१ रुपये धरा. मोठ्या टर्बो पेट्रोलचं शहर-हायवे मिळून अ‍ॅव्हरेज ९, डिझेलचं १३, हायक्रॉस हायब्रिडचं (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर) १६ धरलं तर किलोमीटरला अनुक्रमे साडेअकरा, सात आणि साडेसहा रुपये पडतात. महिन्याला ४०० किलोमीटर फिरणाऱ्याचे डिझेलमुळे वर्षाला जेमतेम बावीस हजार वाचतील. डिझेल गाडीची जास्त किंमत आणि जास्त रोड टॅक्स मिळून दीड लाख धरले, तर ते वसूल व्हायला सात वर्षं. महिन्याला १५०० किलोमीटर असतील तर दोन वर्षांच्या आत वसूल.

पण डिझेलच्या बाबतीत पैशापेक्षा वापराची पद्धत महत्त्वाची. बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचा सध्याचा नियम) डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी धूर खूप तापावा लागतो, म्हणजे एका दमात पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगाने गाडी पळायला हवी. रोज चार किलोमीटरवर शाळा आणि पाच किलोमीटरवर ऑफिस, एवढंच चालवलं तर साफसफाई अर्ध्यात तुटते. काजळी वाढत जाते, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी वर जाते आणि एक दिवस दिवा लागून गाडीचा जोर कमी होतो. त्यात गाडीचा दोष नसतो, निवड चुकलेली असते. फक्त शहरात फिरणाऱ्यांनी डिझेलच्या वाटेला जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे. आठवड्यातून एकदा हायवे होत असेल तर मात्र खुशाल घ्या; सात माणसं घेऊन घाट चढताना महिंद्राच्या २.२ लिटर डिझेलचा ४५० न्यूटन-मीटरचा जोर (एक्सयूव्ही ७०० ऑटोमॅटिकमधला) वेगळाच जाणवतो. या डिझेलला डीईएफही (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) भरावं लागतं, त्याचा खर्च धरा.

किमतीबद्दल जुने व्हिडिओ बघून बसू नका. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्के कर होता, हायब्रिडवर ४३. आता दोन्हींवर ४०. म्हणजे एसयूव्ही बऱ्याच उतरल्या, हायब्रिड थोडी, आणि जुनी तुलना मोडली. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १५. वीसच्या आत हेच १२ आणि १४. हायब्रिड पेट्रोलच्या दरात येते. पंचवीस लाखांच्या गाडीवर पन्नास हजारांचा फरक इथेच पडतो. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने सरकारसाठी आगाऊ गोळा केलेला कर) लागतो. तो इन्कम टॅक्समध्ये वळता होतो, म्हणून त्याला खर्च धरू नका.

कोटेशन नेहमी ओळीओळीने मागा: एक्स-शोरूम, रोड टॅक्स, विमा, टीसीएस, फास्टॅग, वॉरंटी, अ‍ॅक्सेसरीज. हँडलिंग किंवा लॉजिस्टिक नावाची ओळ दिसली तर ती काढायला सांगा. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बाहेर विचारलात तर त्याच झीरो-डेप (दाव्यात सुट्या भागांच्या घसाऱ्याची कपात नाही) आणि रिटर्न-टू-इन्व्हॉइससकट (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम परत) अनेकदा हजारोंनी स्वस्त मिळतो. कॅमेऱ्यावर चालणारं एडास (ड्रायव्हरला सावध करणारी, वेळेला स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा) असलेली गाडी घेत असाल तर पुढची काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवण्याचा खर्च विम्यात बसतो का, हे लेखी विचारा.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. रिकाम्या गाडीचे मागचे स्प्रिंग कडक वाटतात, सहा-सात माणसं बसली की तीच गाडी वेगळी वागते. मागची माणसं मागच्या चाकांच्या अगदी वर किंवा त्यांच्याही मागे बसतात, म्हणून प्रत्येक गतिरोधक त्यांना दुप्पट लागतो. शिडीच्या चेसिसच्या गाडीत वळणावर मागचा भाग जास्त डोलतो, आणि ज्याला गाडी लागते त्याला ते दहा मिनिटांत कळतं. एखाद्या उतारावर गिअर हाताने खाली घेऊन बघा, ब्रेकवर पाय न ठेवता वेग आटोक्यात राहतो का. हायब्रिडची बॅटरी लांब उतारावर पूर्ण भरली की ब्रेकमधून वीज साठवणं थांबतं. तेव्हा इंजिनचा रोध कसा लागतो ते विचारून, चालवून घ्या. सनरूफ असेल तर चारही कोपऱ्यांतल्या पाणी जायच्या नळ्या कुठे उघडतात हे माहीत करून घ्या. धुळीने त्या तुंबतात आणि मग जुलैत छताच्या कापडाला ओल धरते.

गाडी नावावर होण्याआधी ती उजेडात बघायला मागा, कारण एकदा आरटीओत नोंद झाली की बदलून मिळत नाही. टायरवर चार आकडे असतात: ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. पाचही टायर, स्टेपनीसकट, जवळपासच्या तारखेचे हवेत. गाडीवरच्या पट्टीवरचा बनवल्याचा महिना बघा; डिसेंबरची गाडी जानेवारीत त्याच भावाने घेऊ नका, विकताना वर्ष मोजलं जातं. दारं, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, ते बोट फिरवून बघा.

आणि ताबा घेतल्यावर पहिल्याच दिवशी हवा तपासा. यार्डात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हवा मुद्दाम जास्त भरलेली असते आणि ती तशीच ग्राहकाच्या हाती येते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो. त्यावर कमी माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी दोन वेगळे आकडे दिले असतील, तर सात जण निघताना दुसरा भरा.