गाणं एक, पैशाच्या वाटा दोन

स्ट्रीमिंगवर गाण्याचा पैसा दोन वाटांनी येतो. एक ध्वनिमुद्रणाची, म्हणजे मास्टरची. ती डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी अ‍ॅपवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, मास्टरच्या मालकाकडे जाते. दुसरी शब्द आणि चालीची. ती आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेमार्फत त्यांच्याकडे येते. डिस्ट्रिब्युटरच्या खात्यात रक्कम दिसली म्हणजे सगळं मिळालं, असं समजू नका.

म्युझिक कंपन्यांनी आपली बाजू कोर्टात भक्कम केली आहे. टिप्स ही म्युझिक कंपनी विरुद्ध विंक हे स्ट्रीमिंग अ‍ॅप या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, की कॉपीराइट कायद्यातलं कलम ३१-ड, म्हणजे मालकाशी करार न करता ठरवून दिलेल्या दराने गाणं वाजवण्याची मुभा, रेडिओ-टीव्हीपुरतं आहे, इंटरनेटला लागू नाही. त्यामुळे अ‍ॅपवाल्यांना गाण्यांचा दर म्युझिक कंपनीशी बोलूनच ठरवावा लागतो. गीतकार-संगीतकारांचं बळ २०१२ च्या दुरुस्तीत आहे: हक्क कंपनीला लिहून दिले, तरी स्ट्रीमिंगच्या रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही. पण तो वाटा मिळायचा तर आयपीआरएसमधल्या गाण्याच्या नोंदणीत नाव हवं.

म्हणून गाणं बाहेर पडण्याआधीच वाटणीचा कागद करा. गीतकार, संगीतकार, प्रत्येकाची टक्केवारी, आयपीआय क्रमांक (गीतकार-संगीतकाराचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), सह्या. बेरीज १०० व्हायलाच हवी. दोघांनी साठ-साठ टक्के नोंदवले की वाद मिटेपर्यंत पैसा अडकतो. नावाचं रोमन स्पेलिंगही सगळीकडे एकच ठेवा.

अभंगांच्या बाबतीत होणारी चूक फार जिव्हारी लागते. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण नवी चाल संगीतकाराची आहे. फॉर्मवर अख्ख्या रचनेपुढे ‘पारंपरिक’ लिहिलं, की शब्दांबरोबर चालीचा वाटाही गेला. शब्दांपुढे संत तुकाराम, चालीपुढे संगीतकाराचं नाव, असं वेगवेगळं भरा. त्याच अभंगात टाळ-मृदंगाची विकतची लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा तयार तुकडा, असेल, तर गाणं यूट्यूबच्या कॉन्टेंट आयडीत, म्हणजे इतरांच्या व्हिडिओंत तुमचं गाणं ओळखून हक्क सांगणाऱ्या यंत्रणेत, टाकू नका. तीच लूप इतरांनीही वापरलेली असते. त्यांच्या व्हिडिओंवर चुकीचे क्लेम जातात आणि डिस्ट्रिब्युटर तुमची ती सोयच बंद करू शकतो.

आता आकड्यांचं. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला मास्टरचा पैसा मिळत नाही. दहा गाणी प्रत्येकी ९०० वेळा ऐकली गेली, तर ९,००० स्ट्रीम होऊनही हाती शून्य. डिस्ट्रिब्युटर बदलताना तर जास्तच सांभाळा. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षरं-अंकांचा आयएसआरसी कोड असतो. नव्या ठिकाणी तीच ऑडिओ फाइल, तेच शीर्षक आणि तोच कोड द्या. नवा कोड पडला तर गाणं नवं धरलं जातं आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. नवी प्रत अ‍ॅपवर दिसायला लागली, जुने स्ट्रीम तिच्यावर आलेले दिसले, की मगच जुनी काढायला सांगा.